मालकिणीचा हिस्सा

विमल, काल तुझी पोह्यांची मिल उघडली. कुलूप मीच काढलं, पण तुझ्या खुर्चीवर बसलो नाही. शेजारी ते लोखंडी स्टूल आहे ना, ज्याच्यावर बसून मी रिटायर झाल्यापासून तुझ्या कामात नाक खुपसायचो, त्याच्यावरच बसलो. कामावरच्या बायका आल्या. सुलोचनाने तुझ्या टेबलावरची धूळ पुसली आणि खुर्चीला हात न लावता भट्टीकडे निघून गेली. मला वाटलं, एवढं काय, खुर्चीच तर आहे. तरी बसलो नाही.

तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचा आहे. तेरवी झाली, पाहुणे गेले. आपली पल्लवी नागपूरला परत गेली, जाताना माझ्या गोळ्यांचा डबा भरून ठेवून गेली. तुझा भाऊ लाखांदूरची एसटी पकडता पकडता म्हणाला, "भाऊजी, आता एकटे नोका राहू. चाला आमच्याकडं." मी हो म्हटलं आणि गेलो नाही. घर शांत झालं आहे असं येणारा-जाणारा म्हणतो. शांत नाही गं, बिनविरोध झालं आहे. मी काहीही बोललो तरी ते मंजूर होतं.

आपलं भांडण अर्धवट राहिलं, म्हणून हे लिहायला बसलो. तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे तेरवीला पुष्कळ होते, त्यांनी ते काम केलं आहे. तू किती कष्टाळू होतीस, किती मायाळू होतीस, हे ऐकून माझे कान किटले. तू भांडायला किती पक्की होतीस, हे एकाही माणसाने म्हटलं नाही. ते फक्त मला ठाऊक आहे, आणि माझं मन तेच आठवत बसतं.

परक्या माणसाला सांगावं तर आपलं भांडण होतं मालकाच्या हिश्श्याचं. मी जन्मभर कारखान्यात फिटर. पगार हातात पडायच्या आधी त्यातून प्रॉव्हिडंट फंडाचे बारा टक्के कापले जायचे, आणि कायद्याप्रमाणे मालकाने तेवढेच आपल्याकडून घालायचे. त्याच्या वाट्यातला मोठा भाग आमच्या पेन्शनकडे जायचा. दर सत्कारात आमचे साहेब छाती फुगवून सांगायचे की आम्ही तुमच्यासाठी एवढा हिस्सा भरतो. आणि युनियनच्या बैठकीत आम्ही म्हणायचो, भरता कुठून? आमच्या घामातूनच ना? नाहीतर तेवढा पगार वाढवून द्यावाच लागला असता. तो या हाताने न देता त्या हाताने दिला, एवढंच. हे मी इतक्या वेळा बोललो असेन की झोपेतही बोलत असेन. तू म्हणायचीस, "बोलता."

मला काय ठाऊक, की माझ्याच घरात एक मालक तयार होऊन राहिला आहे.

तुझ्या माहेरी पोहे घरीच कुटायचे. भिजवलेला धान भाजताना तुझी आई नुसत्या वासावरून सांगायची, आता काढा. ते नाक तू सासरी घेऊन आलीस. लग्नानंतर आसगावला आपल्या शेतावर तुझं मन रमलं नाही, आणि माझ्या नोकरीपायी आपण तुमसरला आलो, तर तिथे तुला पहिल्या आठवड्यातच प्रश्न पडला. "धान इथला, मिली इथल्या, अन् पोहे बाहेरून येते. हे कसं काय?" मी म्हणालो, येत असतील. तू एवढ्यावर थांबणारी नव्हतीस. परसातल्या शेडात एक जुनी मशीन बसवलीस. बसवली म्हणजे मी बसवली, फिटर घरचाच होता. पहिल्या दिवशी मशीन फिरली आणि पोह्यांचा नुसता भुगा बाहेर आला. आपण आठवडाभर तो दुधात घालून खाल्ला. शेवटच्या दिवशी वाटी खरवडत तू म्हणालीस, "फिटर बदलावा लागन वाटते मले."

बाहेरून दोन बायका कामाला यायच्या, त्यात सुलोचना पहिली. मिल वाढत गेली तशी परसातून निघून रस्त्यावर आली. धान भिजवायच्या टाक्या झाल्या, मोठी भट्टी झाली, चाळण्या, पॅकिंग. आमच्या कारखान्यात संप झाला आणि माझा पगार थांबला, तेव्हा घर तुझ्या पोह्यांवर चाललं. मी दिवसभर गेटवर मालकाच्या नावाने घोषणा द्यायचो आणि संध्याकाळी मालकिणीच्या हातचा भात खायचो. तू भात वाढताना विचारायचीस, "आज कोनाले मुर्दाबाद केलं?" मी म्हणायचो, भाजी वाढ.

पण दारात येणारा माणूस एकच विचारायचा. धानाचा व्यापारी असो, बँकेचा असो, वीजबिलाचा असो. "ताई, साहेब कुठं हायत?" मी ड्यूटीवरून येऊन लुंगीवर खाटेवर पडलेला असायचो. तू माझ्याकडे बोट दाखवायचीस. "ते काय साहेब. उठवू काय?" तो माणूस हसायचा, मीही हसायचो. हसून झाल्यावर तुझा चेहरा उतरायचा, ते मी पाहिलं आहे.

मग विसावी बाई कामावर आली आणि कायदा घरात शिरला. वीस माणसं झाली की फंड लागू, हे तुला मीच सांगितलं, आणि सांगताना मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता कळेल. तू भंडाऱ्याहून एक सल्लागार बोलावलास. तो आरामात चहा पिऊन म्हणाला, घाबरायचं काही कारण नाही. एखादी बाई कागदावर दाखवूच नका. नाहीतर दोन्ही हिस्से बायकांच्या मजुरीतूनच कापा, मालकाचा हिस्सा म्हणून नाव तेवढं तुमचं. पुष्कळ जण असंच करतात.

तू त्याच्यापुढे बिस्किटं केलीस आणि त्याला निरोप दिलास. संध्याकाळी भाजी चिरता चिरता एकदम म्हणालीस, "अजी, दोनी हिस्से त्याइच्याच मजुरीतून कापाचे, तं मंग मी कायची मालकीण?"

मी त्यावर काहीतरी फाजील बोललो. काय बोललो तेही आठवत नाही. तुझं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. तुला तो हिस्सा भरायचा होता. बाकीचे ज्याला भुर्दंड म्हणतात, त्याची तू वाट पाहत होतीस. सरकारच्या दप्तरात मालक म्हणून तुझं नाव लागणार होतं, आणि साहेब कुठं आहेत, असं तिथे कोणी विचारणार नव्हतं.

त्यानंतर आपल्या घरात चहा कधी शांतपणे झाला नाही. "हा हिस्सा तुहा नाही," मी म्हणायचो, "बायकाइचा होय. तू फक्त पोचवून राहिली."

"जाते तं माह्या खिशातून. तुमच्या जाते काय?"

"कायदा नसता तं तू तेवढी मजुरी जास्त देली असती."

"नसती देली," तू शांतपणे म्हणालीस. मी गारच झालो. मालकाने हे कबूल करावं याची मला सवय नव्हती. "कायदा नसता तं मी देली नसती, अन् त्याइनंबी मागं टाकली नसती. सरकारनं दोघाइचेबी कान धरले. आता कोनाचा कान जास्त दुखला, ते तुमी सांगत बसा."

मी म्हणालो, चहात साखर कमी आहे.

पल्लवीला नागपूरला नोकरी लागली तेव्हा तिने पगाराचा कागद मोबाइलवर पाठवला. त्यात कंपनीने स्वतःचा हिस्साही पोरीच्याच पगाराच्या आकड्यात धरलेला. मी फोन घेऊन मिलमध्ये धावतच आलो. धापा टाकत म्हणालो, "पाह्य. कंपनीच लिहून देऊन राहिली. मालकाचा हिस्सा म्हंजे पोरीचाच पगार." तू हात पुसलेस, चष्मा लावलास, सावकाश वाचलंस.

"या कंपनीच्या मालकाले पल्लवीचं नाव ठाऊक हाय काय?"

"त्याले कायले ठाऊक राहीन? हजारो लोकं हायत तिथं."

"मले माह्या बायकाइचे लेकरं कोन्त्या वर्गात हायत, ते ठाऊक हाय."

"त्याचा इथं काय संबंध?"

"हाय," असं म्हणून तू मला फोन परत दिलास आणि चाळणीकडे वळलीस. संबंध काय, ते तू सांगितलं नाहीस. मी तेव्हा जिंकल्याच्या नशेत होतो. पुन्हा विचारलं असतं तर तू नक्की सांगितलं असतंस, आणि तेही मला पटलं नसतं, आणि ती एक संध्याकाळ आपली चांगली गेली असती. अशा किती संध्याकाळी शिल्लक आहेत असं मी धरून चाललो होतो.

आता त्या भाजीची गोष्ट. ती टाळून आपलं भांडण पुरं होत नाही.

फंड सुरू झाला त्या महिन्यात तू बायकांना समोर बसवून समजावलंस, तुमच्या मजुरीतून एवढे कापले आणि माझ्याकडून तेवढेच घातले. तुला वाटलं त्यांना कायदा कळला. त्यांना कळला तो अहेर. आपल्याकडे लग्नात कोणी लुगडं नेसवलं की ते लक्षात ठेवायचं, आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की त्याच तोलाचं नेसवायचं. नाहीतर चारचौघींत तोंड दाखवायची चोरी. बायकांनी तुझा हिस्सा त्यात बसवला. ताईने आपल्यासाठी घातलं, आता आपल्यालाही काही घालावं लागेल. पुढच्या पगारापासून सुरू झालं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी कोणी तुझ्या टेबलावर कोथिंबिरीची, आपल्या सांबाराची जुडी ठेवायची, कोणी बागेतले टमाटे, आपली लाल भेदरं, कोणी लाखोळीची डाळ, कोणी तलावातले सुकवलेले झिंगे पानात बांधून. इंदूने एकदा गावठी अंडी आणली, ती तू भट्टीवर उकडून सगळ्यांना खायला घातलीस.

"आता या भेदरावरबी बारा टक्के भरशीन काय?" मी विचारलं.

"तुमी गप राहा. अहेर वापस केला तं बाईमानसाचा अपमान होते."

तुला ते आवडत होतं. ती भाजी पदरात घेऊन घरी येताना तुझी चाल वेगळी असायची. रस्त्यात कोणी विचारलं की थांबून सांगायचीस, आमच्या बायकांनी दिली. घरी आल्यावर भेदरांची चटणी वाटायचीस आणि मला वाढताना म्हणायचीस, "खा. मालकिणीची कमाई हाय." त्या चटणीची चव आता कशालाच नाही. मी काल बाजारातून आणून करून पाहिली. मीठ जास्त झालं, आणि नुसतं मीठ जास्त होणं एवढंच त्यात चुकलेलं नव्हतं.

पण माझ्यासारख्या युनियनवाल्याला ती भाजी बघवत नव्हती. कायद्याने मिळालेल्या गोष्टीसाठी गरिबाने भाजी का आणायची? जे आपलंच आहे त्याचे उपकार कशाला मानायचे? हे मला आजही पटत नाही, सांगून ठेवतो. तू तिकडे जाऊन मोकळी झालीस म्हणून मी माझं मत बदलणार नाही.

त्या दिवाळीला तू मजुरी वाढवली नाहीस. दरवर्षी वाढवायचीस. या वर्षी हिस्सा भरायचा आहे, दोन्ही झेपत नाही म्हणालीस, आणि ते खरं होतं, मिलची कमाई मलाही दिसत होती. पण मला आयतं सापडलं. दिवाळीनंतर बायका भाजी घेऊन आल्या, तेव्हा मी स्टुलावरून म्हणालो, "कायले आनता वो हे सारं? या साली मजुरी वाढली नाई ना तुमची? तेच तिकडं जमा झालं. तुमचंच तुमाले भेटून राहिलं."

बायकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. तू पोत्याचं तोंड शिवत होतीस, ते शिवत राहिलीस. सुलोचनाच्या हातात पालकाची जुडी होती. ठेवावी की परत न्यावी, हे तिला कळेना. शेवटी ठेवली आणि लगबगीने गेली. पुढच्या महिन्यात टेबलावर काहीच आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

घरी येऊन तू स्वयंपाक केलास, माझं ताट वाढलंस आणि समोर बसलीस. "साऱ्या तुमसरले मले मालकीण म्हनाले किती सालं लागले," तू म्हणालीस. "तुमी एका वाक्यात काढून घेतलं."

"मी खोटं बोललो काय?"

"नाई. खरंच बोलले. मी कोठं खोटं म्हंते?"

मग भांडण काय उरलं होतं, विमल? तू रडली असतीस, ताट आपटलं असतंस, तर मी काही बोललो असतो. तू माझं म्हणणं मान्य केलंस आणि उठून गेलीस. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्याशी भांडून पूर्ण जिंकलो, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग बरेच दिवस तू कामापुरतंच बोललीस. धान आला. जेवाले बसा. एवढंच. पुढे एकदा मशीनचा पट्टा तुटला आणि तो बसवताना माझं बोट चेचलं. तू हळद लावून फडकं बांधलंस आणि म्हणालीस, "आता तुमचा दवाखान्याचा हिस्साबी मलेच भरावा लागन काय?" दवाखान्याच्या विम्यात मालकाचा वाटा कामगाराच्या वाट्यापेक्षा मोठा असतो, हे तुला एव्हाना पाठ झालं होतं.

"मी तुह्या मिलमध्ये कामावर नाही."

"लावून घेऊ काय?"

"मंग तू माही मालकीण होशीन."

"तं आता कोन हाय?"

आपण दोघंही हसलो. तू भट्टीवरून मूठभर गरम पोहे आणून माझ्या चांगल्या हातावर ठेवलेस, आणि मी फुंकर मारत खाल्ले. भांडण मिटलं, असं मी धरून चाललो. तू काय धरून चाललीस, ते मी विचारलं नाही.

यंदा धान कापणीच्या दिवसांत तू दमायला लागलीस. मिलच्या दोन पायऱ्या चढताना थांबायचीस आणि मी पाहतो आहे असं दिसलं की चप्पल नीट करायचा बहाणा करायचीस. भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. दवाखान्यात पडल्या पडल्या तू मला विचारायचीस, भट्टी नीट पेटते का, इंदूच्या पोराचा ताप उतरला का. शेवटच्या दुपारी म्हणालीस, "पंधरा तारखेच्या आत हिस्सा भरजा."

"कोनाचा हिस्सा?" मी सवयीने विचारलं.

नाकात नळी असताना जेवढं हसता येतं तेवढं तू हसलीस. "घरी गेल्यावर भांडू," म्हणालीस.

तू घरी आलीस ती भांडायला नाही.

मिलचं खातं तुझ्या एकटीच्या नावावर होतं, ते बँकेने थांबवलं. वारसाचे कागद व्हायला वेळ लागेल म्हणाले. पल्लवी म्हणाली, "बाबा, मिल देऊन टाका कोनाले तरी. तुमचं वय हाय काय आता हे कराचं? माह्याकडं चाला." पोरगी चुकीचं बोलत नव्हती. शेजारचा तांदूळ मिलवाला शेड घ्यायला तयार होता. फक्त त्याला बायका नको होत्या. त्याच्या मशीनला एवढी माणसं लागत नाहीत. मी पल्लवीला हो म्हणणारच होतो. मालक व्हायचं माझ्या रक्तात नाही, आणि ज्यांना जन्मभर नावं ठेवली त्यांच्या पंगतीत या वयात कशाला बसू?

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सुलोचना आली आणि दारातच उभी राहिली. "भाऊजी, मिल बंद करून राहिले काय?"

"ठरलं नाई अजून."

"ठरलं का सांगून देजा. आमी दुसरं काम पाहू. इंदूले कोनी लवकर कामावर घेणार नाही, तिले तेवढं आधी सांगजा." ती रडली नाही, तुझं नावही काढलं नाही. पाणी विचारलं तर नको म्हणाली. ती गेल्यावर मी चहा केला आणि तो तसाच गार झाला. समोर कोणी नसलं की चहा प्यायचं लक्षात राहत नाही.

इंदूला लवकर काम का मिळणार नाही, हे मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक असणार. वीस बायकांबद्दल अशा किती गोष्टी तुला ठाऊक होत्या, आणि त्या सगळ्या तू सोबत घेऊन गेलीस. मला फक्त टक्केवारी ठाऊक आहे.

पंधरा तारीख आली होती. हिशेब पाहणाऱ्या मुलीला मी फोन केला आणि म्हटलं, या महिन्याचं सगळं माझ्या खात्यातून जाऊ दे. माझ्या खात्यात काय आहे, तुला ठाऊकच आहे. फंडाचं उरलेलं, आणि महिन्याला येणारी थोडकी पेन्शन. त्यातच माझ्या कारखान्याच्या मालकाने भरलेला हिस्सा, जो मी एक दिवसही त्याचा मानला नाही. त्यातून बायकांची मजुरी गेली, त्यांच्या नावचं कापलेलं गेलं, आणि मालकाने घालायचं तेही गेलं. ते शेवटचं जाताना मला टोचलं, विमल. चांगलंच टोचलं. खिशातून जाताना कळतं, तुझं तेवढं बरोबर होतं. तेवढंच. सगळं नाही.

आता तो पैसा कोणाचा? माझ्या घामाचा, त्या मालकाचा, बायकांच्या न झालेल्या वाढीचा, की तुझा? मी खूप विचार केला आणि मला सांगता येत नाही. तुझ्यासमोर बसलो असतो तर सांगता आलं असतं. मला एकट्याने विचार करायची सवयच नाही. मी काहीतरी बोलावं, तू नाई म्हणावं, मग मला माझं म्हणणं कळावं, असंच आपलं जन्मभर चाललं. तुझी आठवण येते म्हणजे काय होतं, हे लोक विचारतात. हे होतं. मला माझीच मतं कळेनाशी झाली आहेत.

तर काल मिल उघडली. भिजलेला धान भट्टीवर चढला, वास सुटला, आणि आता काढा, असं सांगणारं कोणी नव्हतं. सुलोचनाने अंदाजाने काढला. बरा उतरला, तुझ्यासारखा नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत बायका डबे उघडून गोल बसल्या. मी स्टुलावर. इंदू घास हातात धरून म्हणाली, "भाऊजी, आमच्या मजुरीतलं तं कापलं जाईन. पन मालकाचा हिस्सा आता कोन भरन?"

साऱ्यांचे हात थांबले. माझं जन्मभराचं उत्तर तोंडावर आलं होतं, की तो तुमचाच असतो, भरणारा फक्त पोचवतो. ते खरं होतं. मी भरला, असं म्हटलं असतं तर तेही खरं होतं.

"मालकीण भरते," मी म्हणालो.

सुलोचनाने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि भात कालवायला घेतला. मग बाकीच्याही जेवायला लागल्या.

तू असतीस तर लांबून ओरडली असतीस, "काय म्हनले, अजी? मशीनच्या आवाजात आयकू नाई आलं." मशीन बंद होती गं, जेवायची सुट्टी होती. तुला नीट ऐकू गेलं असतं. तरी मी पुन्हा म्हटलं असतं, विमल. तुझं मन भरेपर्यंत म्हटलं असतं.